न मोजलेला पाऊस

शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. निवृत्त झालो तरी सोडलं नाही. "सरांना इचारल्याबिगर ईटात पाऊस पडत न्हाय," अशी आमच्या ईट गावात चेष्टा व्हायची. मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू.

मग एक दिवस शेजारीण एका वकीलबाईंना घरी घेऊन आली. गेल्या पावसाळ्यात तिचं ओढ्याकाठचं रान एका सकाळीत मातीसकट वाहून गेलं, खाली खडक तेवढा उरला. वकीलबाईंनी तिच्या वतीनं हायकोर्टात याचिका घातली होती. धूर सोडून हवामान बिघडवणारे जगात कुठं कुठं बसलेत आणि भोगतंय कोण, सरकारनं यावर काय केलं, असा सवाल होता.

"धूर त्यांचा अन् रान माझं गेलं व्हय," शेजारीण म्हणाली.

पाऊस किती बदलला याचा पुरावा म्हणजे माझी वही. "सगळ्या नोंदी मी स्वतः मोजून केल्या, एवढ्या शपथपत्रावर सही करा, सर," वकीलबाई म्हणाल्या.

तिचं रान गेलं त्या सकाळी मी मोजलंच नव्हतं. पाणी पायरीला लागलं होतं, विजा कडाडत होत्या, आणि मी कडी लावून घरात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पर्जन्यमापक चिखलात आडवा. वहीत रकाना रिकामा राहिला तर अब्रू जाईल, म्हणून अंदाजानं आकडा लिहिला. तोही वळणदार अक्षरात.

विचार करून सांगतो म्हणालो आणि चार दिवस धड जेवलो नाही. तुरुंगाची भीती वाटली, गाव हसेल याची वाटली. एक आकडा खोटा निघाला तर समोरचा वकील अख्खी वही फेकून देईल, याची सगळ्यात जास्त. गप्प बसलो तर कुणाला कळणार होतं? सही करावी असं मला वाटायला लागलं, तेव्हा मी स्वतःलाच भ्यालो.

पाचव्या दिवशी दोघींसमोर सांगून टाकलं. वकीलबाईंनी वहीतलं ते पान उघडलं. मग म्हणाल्या, "त्या दिवसाची नोंद वगळावी लागेल. बाकीची वही चालेल."

शेजारणीनं सगळं ऐकून घेतलं.

"सर, मग कोर्टात माझं रान गेलंच न्हाय का?"