आईची दिल्लीची शाल

गिरगावातल्या माणसाला लोकर कशाला लागते? गार वाटलंच तर बाबा कानांवरून उपरणं गुंडाळत आणि आई चहात आलं जरा जास्त किसत असे. आमचा हिवाळा एवढ्यावर भागायचा. म्हणून आईने दिल्लीच्या मोर्च्याला जायचं ठरवलं तेव्हा बाबांनी बरोबर थंडीचंच हत्यार बाहेर काढलं.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गोळीबार होऊन गेला होता आणि तेव्हापासून आईचा पाय घरात ठरत नव्हता. दुपारची झोप तिने सोडली होती. चौपाटीवरच्या सभेहून ती घसा बसवून घेऊन यायची आणि बसलेल्या घशानेच आम्हाला भाषण ऐकवायची. अशात आमच्या वाडीतल्या काही बायका दिल्लीला निघाल्या आणि आईनेही नाव दिलं.

बाबा एका कंपनीत नकाशे काढत. मुंबईसह महाराष्ट्र त्यांनाही हवाच होता. त्यांना भीती होती ती आईच्या छातीची. थंडीत तिला दमा लागायचा, अगदी आमच्या नावापुरत्या थंडीतही.

"अगं, इथे तुझी छाती वाजते, तिथे काय होईल?" बाबा म्हणाले. "अंगावर घ्यायला धड गरम काही असेल तर खुशाल जा. मी आडवा येणार नाही."

कपाटात शाली होत्या, पण मुंजी-लग्नात मानाच्या म्हणून मिळालेल्या, देखण्या आणि पातळ. दुकानातून नवी आणायची तर बाबांपुढे हात पसरावा लागला असता आणि तेवढ्यासाठी आई मुळीच तयार नव्हती. ती काही न बोलता तांदूळ निवडत बसली. आई भांडली की घर ठीक चाललं आहे असं आम्ही समजायचो. ती गप्प बसली ते मला बघवेना.

"मी विणते शाल," मी म्हणाले. "बाबा, शब्द फिरवायचा नाही."

"नाही फिरवणार," बाबा हसत म्हणाले. मॅट्रिक होऊन घरात बसलेल्या मुलीने आजवर क्रोशाची दोन तोरणं आणि एक रेडिओवरचा रुमाल केला होता, तेही अर्धे आईकडून पुरे करून घेऊन. ते हसले यात नवल नव्हतं. पण मला राग आला आणि राग आला की माझे हात भराभर चालतात.

खोताच्या वाडीत आईची एक मैत्रीण राहायची. आम्ही तिला आंटी म्हणायचो. नाताळाआधी आई तिच्याकडे करंज्या लाटायला जायची आणि आमच्याकडे मसाले कुटायचे असले की ती येऊन बसायची. आंटीचा भाऊ बोटीवर होता. त्याने आणलेली वांगी रंगाची लोकर तिच्या पेटीत कित्येक वर्षं डांबराच्या गोळ्यांत पडून होती. माझं ऐकून तिने सगळे गुंडे माझ्या ओच्यात टाकले.

"मुंबई महाराष्ट्राला दिली तर काय गो, नाय दिली तर काय, माझी वाडी जाते कुठं?" ती म्हणाली. "पण तुझी आय कुडकुडली नाय पायजे."

तिने मला एक सुई दिली. क्रोशाचीच, पण हातभर लांब, एका टोकाला आकडा आणि दुसऱ्या टोकाला टाके घसरू नयेत म्हणून लाकडी बोंड. साध्या क्रोशात एक टाका पुरा करून पुढच्या टाक्यावर जायचं असतं. इथे तसं नव्हतं. उजवीकडून डावीकडे जाताना प्रत्येक टाक्यातून लोकर ओढायची आणि ती सुईवरच राहू द्यायची. सगळी ओळ सुईवर चढली की मग डावीकडून उजवीकडे परत येत दोन दोन करून उतरवायची. काम कधी उलटायचं नाही. माझा हात तोरणांना सरावलेला, ओळ संपली की मी आपोआप उलटायची आणि आंटी माझ्या मनगटावर चापट मारायची.

टाका एकदा पुढून उचलायचा, एकदा मागून. त्याने विणीवर फणसाच्या सालीसारखे बारीक काटे उठायचे, फक्त मऊ. आंटी म्हणाली, त्या काट्यांच्या मधे ऊब राहते. आकार तिने त्रिकोणी सांगितला. एक टोक पाठीवर खाली, दोन टोकं पुढे छातीवर गाठ मारायला. म्हणजे हात मोकळे.

"झेंडा धरायला," आई म्हणाली. तिला ते फारच पसंत पडलं.

खालच्या टोकापासून सुरुवात. तीन टाके, मग प्रत्येक ओळीत दोन्ही कडांना एक एक वाढवायचा. काय सांगू, लोकर नुसती पळत होती! उसळीला फोडणी बसेपर्यंत माझ्या चार ओळी व्हायच्या. थोड्याच दिवसांत मी तो त्रिकोण आईच्या पाठीला लावून पाहिला, तर कमरेपासून निम्म्या पाठीपर्यंत आलेला.

"अर्धी झाली!" मी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडले.

बाबा नखं कापत बसले होते. त्यांनी मान वर केली, शालीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "वा" म्हणून पुन्हा नखं कापू लागले.

झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. दोन दिवस सुईला हात लावला नाही. आईबरोबर सभेला गेले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडले, मैत्रिणीकडे जाऊन तिच्या बहिणीचं रुखवत पाहिलं आणि त्यातल्या क्रोशाला नाकही मुरडून आले.

पुन्हा विणायला बसले तेव्हा चमत्कारिक वाटू लागलं. ओळ संपेचना. जाताना सुई टाक्यांनी गच्च भरायची, टोकाचे टाके घसरायचे, ते उचलून होईपर्यंत दूध उतू जायचं. सकाळी धरलेली ओळ पाण्याची वेळ झाली तरी चालूच. शाल आंटीकडे नेली, तर ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

"अर्धी कुठली गो? जेमतेम पाव होती तेव्हा! ही काय टॉवेल हाय? वर वर रुंद होत जाणार नाय का?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तोरण लांबीने मोजायचं, रुमाल लांबीने मोजायचा, म्हणून मी त्रिकोणही उंचीनेच मोजला होता. घरी येऊन मी बाबांसमोर उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं."

"जन्मभर त्रिकोण काढतोय," बाबा म्हणाले. "मला नाही माहीत तर कुणाला?"

"मग बोलला का नाहीत?"

ते चष्मा पुसू लागले. मला एवढा संताप आला की जेवताना मी त्यांना आमटी वाढली नाही. आईने वाढली.

त्यानंतर मी जेवायला आणि अंघोळीला तेवढी उठायची. आई माझ्या वाटची भांडी घासायची आणि जाता येता विणीवरून हात फिरवायची. तिच्या मैत्रिणींनी पेट्या भरल्या. आईची पेटी कॉटखाली रिकामीच होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आंटी आली. शाल अजून अपुरी होती. मी रडायच्या बेतात होते.

"बंद कर," आंटी म्हणाली. "त्रिकोण कुठं पण थांबव, त्रिकोणच असतो. लहान तर लहान."

शेवटची ओळ आम्ही बंद केली. या विणीला गुंडाळत जायची खोड असते, म्हणून आंटीने ती ओल्या पंच्यात दाबली आणि बाबांच्या गादीवर ताणून टाचण्या मारल्या. बाबा कामावरून आले तर बसायला जागा नाही. ते स्टुलावर बसून चहा प्यायले आणि गादीकडे बघत राहिले.

वाळल्यावर मी शाल आईच्या खांद्यांवर टाकली. पाठ झाकली, खांदे झाकले, पण पुढची टोकं एकमेकांना भेटेनात. मी ओढली, आईने ओढली. छातीवर वीतभर जागा उघडीच. आणि धास्ती होती ती छातीचीच.

"पिन लावू," मी म्हणाले.

"वीण फाटेल," आंटी म्हणाली.

आईने शाल काढली, नीट घडी केली आणि मांडीवर ठेवली. "राहू दे," ती म्हणाली. "छान झालीय गं."

तिचा तो आवाज मला अजून आठवतो. मी बाबांकडे पाहिलं नाही, कारण त्यांचंच खरं झालं होतं.

बाबा उठले आणि दोरीवरचा आपला धुतलेला लेंगा काढून आणला. खिळ्याला अडकवलेली आईची शिवणाची पिशवी घेतली. लेंग्याची नाडी सर्रकन ओढून काढली, मधोमध कापली आणि चष्मा कपाळावर चढवून एक एक तुकडा शालीच्या दोन्ही टोकांना शिवू लागले. नकाशाच्या रेघा ओढणारा हात होता तो, टाके असे बारीक घातले की माझ्या विणीपेक्षा तेच उठून दिसले. मग त्यांनी शाल आईच्या खांद्यांवर घातली, टोकं जवळ ओढली आणि छातीवर गाठ मारली. सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली.

"गार वारा असेल तेव्हा सोडायची नाही," ते म्हणाले.

"अहो, आंटी बसल्यात," आई पुटपुटली. पण ती हलली नाही.

मग त्यांनी स्वतः कॉटखालून पेटी ओढली.

आई परत आली तेव्हा आवाज पार गेलेला, पण छाती ठीक होती. पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला, वाडीत पेढे वाटले गेले, आंटीकडेही पाठवले. त्या उत्साहात मी आईला म्हणाले, लोकर उरली आहे, आता शाल पुरी करते. वरच्या कडेने ओळी वाढवल्या की टोकं आपोआप भेटतील.

आईने शाल हातात घेतली. नाड्या आता धुऊन धुऊन पिवळट झाल्या होत्या.

"वाढवायची तर आधी या काढाव्या लागतील ना?"

"हो, टोकं पुढे सरकतील की."

"मग नको," आई म्हणाली आणि शाल पुन्हा पेटीत ठेवली.