रानमोडीशी वैर

डोंगरावर कंबर वाकवून झुडपं उपटायची म्हटली की हातांपेक्षा तोंडंच जास्त चालतात. मग किस्से साठणारच! पोलादपूरकडच्या आमच्या वाडीतली आम्ही चार-पाच जणांची टोळी. मी एरवी एमआयडीसीत शिफ्ट करतो, रविवारी मात्र पार्वतीकाकूंच्या हाताखाली. गुरचरणावर रानमोडी माजली, गवत दबलं, काकूंची ढवळी गाय उपाशीपोटी घरी यायला लागली. तेव्हापासून काकूंनी या झुडपाशी वैर धरलं.

*

आमच्याच टोळीतला तुकाराम आधी आम्हाला हसायचा. "उपटत काय बसलाय? कोयता घ्या!"

एका सकाळी त्याने अख्खा उतार साफ केला. पुढे पाऊस झाला आणि एकेका बुडख्याला फुटवेच फुटवे!

काकू म्हणाल्या, "तुक्या, तू मारली नाय रे तिला, छाटणी केलीस!"

आता तुकाराम कुदळ घेऊन येतो.

*

मुंबईची माझी वहिनी रानमोडीच्या फिकट जांभळ्या फुलांचा गुच्छ घेऊन आली. "किती क्यूट!"

काकू ओट्यावरच होत्या. "पान चुरगळ गो, वास घे."

वहिनीने नाक मुरडलं आणि गुच्छ अंगणात भिरकावला.

"अगो, टाकतेस काय! बी उडंल! चुलीत घाल!"

*

एक तणनाशकवाला जीपने आला. "एक फवारा, सगळं साफ!"

"गवतपण?"

"ते येईल हो परत. तोवर गुरं सोडू नका."

"बरं. तोवर ढवळी तुमच्या बिल्डिंगीत बांधते, चालंल?"

जीप वळली.

*

यंदा खालच्या उतारावर गवत आलं. तरी ग्रामसभेत एकजण म्हणालाच, "वरचा डोंगर भरलेला हाय. ती येतच राहणार. कशाला मरताय?"

काकू उभ्या राहिल्या. "ती येत राहू दे. मीपण येत राहीन!"

*

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या लेकीचं, रेश्माचं लग्न होतं, महाडला. वऱ्हाड टेम्पोतून निघालं. वळणावर रस्त्याकडेला रानमोडी, ऐन फुलोऱ्यात!

"थांबव रे!" काकू नवी साडी खोचून उतरल्यासुद्धा.

रेश्माचा मामा कळवळला. "ताई, मुहूर्त टळंल!"

"मुहूर्त दुसरा काढता येतो. बी उडालं की माघारी आणता येत नाय!"

तुकाराम उतरला. मी उतरलो. शेवटी मामाही उतरला. तेवढ्यात नवरदेवाचा फोन. "कुठवर आलात?"

मेंदीच्या हातांनी झुडूप मुळासकट ओढत, फोन खांद्याशी धरून रेश्मा म्हणाली, "पोचतोच हो! मांडवामागं रानमोडी हाय का बघा. असली तर तोवर उपटायला घ्या!"