मेढ रोवायला माती

कान्हा भिवपुरीजवळच्या गावातला, वय बावन्न. वडिलोपार्जित भातशेती फार्महाऊसवाल्यांना विकल्यापासून त्याच्या दारात चारचाकी आली आणि मतांना वजन आले.

मुलगी हर्षलाचे लग्न ठरताच त्याने मागचे अंगण मनावर घेतले. पुढे रस्ता दाराला टेकलेला, म्हणजे मांडव मागेच पडणार. सोयऱ्यांना माती दिसता कामा नये, एवढीच त्याची अट.

कुंभिवलीच्या फरशीच्या दुकानात त्याने तीन खेपा घातल्या. शहाबादी त्याला शाळेच्या ओट्यासारखी वाटली, पेव्हर ब्लॉक ग्रामपंचायतीसारखे. कोटा नवा असून जुना दिसतो, म्हणून बाद. शेवटी पांढऱ्या चकचकीत टाइल्स आल्या. भात वाळवायला एक कोपरा तरी मातीचा राहू द्यावा, असे बायको शकूचे म्हणणे. भात आता पिशवीतून येतो, असे सांगून कान्हाने त्या कोपऱ्यातही काँक्रीट ओतले.

मुहूर्तमेढीच्या दिवशी उंबराची फांदी आली, हळदकुंकू आले, सुवासिनी आल्या. खड्डा कुठे खणायचा, याचा विचार कोणी केला नव्हता. टाइल फोडायला कान्हा धजेना. कोणीतरी रंगाची रिकामी बादली सुचवली.

"बादलीत फ्लॅटवाले लावतात," शकू म्हणाली. "माझ्या पोरीची मेढ जमिनीतच जाईल. नायतर मांडव पडणार नाय."

घराला लागून माती उरली होती ती एकाच ठिकाणी. थोरला भाऊ विठू शेजारीच राहतो. दोघांच्या अंगणांमधल्या हातभर पट्टीवर दोघांचाही हक्क असल्याने तिला कोणी हात लावलेला नव्हता. सहा वर्षे बोलणेही बंद होते. कान्हा चप्पल न घालताच त्याच्या ओट्यापाशी गेला.

"दादा, मेढ रोवायची हाय. मधल्या पट्टीत."

विठूने त्याला आधी ओट्याखालीच ताटकळत ठेवले. "दोन एकर इकलास, नि वीतभर माती नाय रं तुझ्याकडं?" मग म्हणाला, "रोव. पोरगी माझी पन हाय. पाच दिसांनी उपट मातूर. नायतर उद्या म्हनशील, हाच हद्दीचा खुंट."

लग्न थाटात झाले. हळदीचे डाग टाइल्सवरून अजून निघालेले नाहीत. पाहुणे पांगेपर्यंत पाच दिवसांचे वीस झाले आणि मेढीला पालवी फुटली. उंबर दत्ताचा. उपटायला दोघेही तयार नाहीत.

विठूने टेप लावून पाहिली. झाड आपल्या बाजूला दीड इंच जास्त आहे, असे तो म्हणतो. कान्हाने दुसरी टेप आणली आहे.