जागेवरच्या सायकलचा नट

सायकल कुठे जाणारी नव्हती, तरी गुलाबराव तिच्यावरून पडले होते.

मी वर्कशॉपमधून धावत गेलो. वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी तेव्हा टेक्निशियन होतो. कॅलिपर, म्हणजे अधू पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या, बनवायचं काम. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट.

गुलाबराव नालवाडीचे, भाजीपाला पिकवणारे. काही महिन्यांपूर्वी पडून मांडीचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण गुडघा आखडला. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "पॅडल मारले तर गुडघा सुटेल. काहीतरी करा." व्यायामाची सायकल दवाखान्यात नव्हती. मी लोखंडी अँगलचा स्टँड वेल्ड केला. दोन्ही बाजूंना स्क्रू आणि स्क्रूच्या टोकाला वाट्या. या वाट्यांनी मागच्या चाकाचा एक्सल, म्हणजे आस, दोन्हीकडून दाबून धरायचा. चाक खालच्या रोलरवर फिरतं, सायकल तिथेच राहते.

सायकल गुलाबरावांचीच. सकाळी त्यांची बायको सुमनबाई तिच्यावर भाजी लादून बाजारात न्यायची. दुपारी नवऱ्याला कॅरिअरवर बसवून, सायकल हातानं ढकलत दवाखान्यात आणायची. ताठ पाय बाजूला काढून बसलेले गुलाबराव वाटेत मान वर करत नसत.

एक्सलला साधे नट चालले नाहीत. एक्सलचं टोक नटाबाहेर येतं, वाटी त्या टोकावर टेकते आणि घसरते. म्हणून मी कॅप नट आणले. हा नट एका बाजूनं बंद असतो, टोपीसारखा. त्याचं गोल डोकं वाटीत नेमकं बसलं. मी स्वतः बसून जोरात पॅडल मारून पाहिले. काही दिवस बिनतक्रार गेले. गुडघा वाकायला लागला होता.

त्या दुपारी तळेगावहून त्यांच्या मुलीचे सासरे भेटायला आले होते. त्यांना दाखवायचं म्हणून गुलाबरावांनी जोर लावला. चाक फ्रेमच्या खाचेत तिरकं झालं, टायर फ्रेमला घासला, एक वाटी सुटली आणि सायकल आडवी झाली. कोपर खरचटलं, बाकी लागलं नाही. पण बाकावरचं कोणीतरी बोललं, "हाललीच नाई सायकल, अन् पडले कसे बुवा!" सगळे हसले. व्याहीही हसले, मग खाली बघायला लागले.

"पायानंच दगा देल्ला," गुलाबराव त्यांना म्हणाले. कपडे झटकले नाहीत. माझा हातही धरला नाही.

डॉक्टरांनी मला बोलावलं. "पेशंट पडतो म्हणजे काय?"

"सर, स्टँड जागचा हलला नाही."

"मग काय हललं?"

स्टँड बंद झाला आणि गुलाबराव येईनासे झाले.

पुढच्या सुट्टीला मी पाना घेऊन नालवाडीला गेलो. सुमनबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. आतून आवाज आला, "मी घरी नाई म्हनून सांग त्याईले."

सुमनबाई ओशाळल्या. "काई बोलत नाई ते कोनाशी. सायकल पाहून घ्या."

मी नट फिरवून पाहिला. चांगला घट्ट होता. उघडला तेव्हा टोपीच्या आतल्या तळाला चकाकता वण दिसला. एक्सलचं टोक तिथे घासलं होतं. मी कॅरिअरकडे पाहिलं. त्याचे पाय नटाखालीच आवळलेले होते.

"त्या दिवशी कॅरिअर होतं का?"

"नाई. तुटलं म्हनून वेल्डिंगले देल्लं होतं. त्याईले सीटवर बसवून ढकलत आनलं. नट म्याच आवळले. लय घट्ट आवळले." मग त्यांचे हात थांबले. "काऊन? मायामुळं पडले का ते?"

कोडं सुटलं होतं. कॅरिअरच्या पायांची जाडी गेली, तेवढा एक्सल जास्त बाहेर आला. टोपी आत एक्सलच्या टोकावर आपटून थांबली. पाना पुढे जाईना, म्हणून घट्ट वाटलं. फ्रेम मात्र दाबलीच गेली नव्हती, चाक सैलच होतं.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "नट मी निवडला होता. कॅरिअर असो-नसो, त्यानं चाक धरायलाच पाहिजे होतं. मी कॅरिअर काढून तपासलंच नव्हतं."

दारात पाय ओढल्याचा आवाज आला. गुलाबराव उभे होते.

"म्हंजे पाय नोहता चुकला?"

"नाही."

ते उंबऱ्यावर बसले. गुडघ्यावर हात ठेवला. "व्याह्याले तर मी पायच सांगतला," ते म्हणाले. "आता कोन्या तोंडानं सांगू, का नट होता म्हनून?"

मी चाक सोडवायला घेतलं.

बाजारातून थोडा आखूड एक्सल आणून टाकला. कॅरिअर लावून पाहिलं, काढून पाहिलं. दोन्ही वेळा नटाखालचा वायसर बोटानं हलतो का ते तपासलं. हलला नाही. मॅडमनी डॉक्टरांची समजूत काढली. गुलाबराव परत आले, पण स्टँड भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावला. त्यांचा गुडघा उकिडवं बसण्याइतका कधीच वाकला नाही. सायकल चालवण्यापुरता वाकला. भाजी घेऊन ते स्वतः बाजारात जायला लागले. व्याह्यांना त्यांनी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

पाना थांबला म्हणजे चाक आवळलं गेलं, असं धरू नये. तो कशावर थांबला ते बघावं, आणि माणसाला बसवायच्या आधी बघावं.