डेअरीवरचं नाक

नोहा साळवे यांच्या नाकाला कर्जत तालुक्यातल्या त्या गावात कायद्याइतका मान होता. सव्वीस वर्षं डेअरीवर त्यांचं एकच काम: किटलीचं झाकण उघडायचं, नाक खाली न्यायचं आणि ‘ओता’ किंवा ‘न्या’ म्हणायचं. मशीन फॅट सांगतं, वास सांगत नाही. नोहांनी ‘न्या’ म्हटलं की माणूस मुकाट घरी जायचा.

एका गायीवर घर चालवणाऱ्या साळूबाईंच्या दुधाने मात्र त्यांचा घात केला. सलग आठ दिवस नोहांना त्यात ओल्या गोणपाटाचा उग्र वास आला, आणि बाकी कुणालाच आला नाही. चेअरमन रामहरींनी तीनदा हुंगून पाहिलं.

“चांगलं तर हाय की! नोहा, त्या बाईशी काय दुश्मनी हाय का तुजी?”

नोहा तरी ‘न्या’वरच अडून राहिले आणि दूध रोज परत गेलं. तेव्हापासून कुणी त्यांच्याशी धड बोलेना. आपण खरंच खोटारडे तर नाही ना, असं आता नोहांनाच वाटू लागलं. झोप उडाली, अन्न गोड लागेना. पार थकले होते बिचारे.

शनिवारी त्यांची लेक शॅरन घरी आली. ती नगरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. सगळं ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडिलांबरोबरच डेअरीवर निघाली.

“पप्पा, वास ओळखणारी चारेकशे जनुकं असतात आपल्यात,” वाटेत ती म्हणाली. “प्रत्येक जनुक नाकासाठी एक वेगळं प्रथिन बनवतं. वासाचा कण त्या प्रथिनाला चिकटला, तरच मेंदूला खबर जाते. एखाद्याचं एखादं जनुक बिघडलेलं असतं. मग तो वास त्याच्यापुरता नसतोच. उलट एखाद्याचं जास्तच तीक्ष्ण असतं, आणि ते लेकरांकडेही उतरतं.”

“म्हंजे खोटं कोण बोलतंय?”

“कुणीच नाही.”

साळूबाई रांगेत होत्याच. शॅरनने त्यांच्या किटलीचं झाकण उघडलं, वाकली आणि झटक्यात मागे सरली.

“येतोय, पप्पा. मलापण येतोय.”

नोहा तिथेच पायरीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले. आपण खोटे नव्हतो! मग त्यांची नजर साळूबाईंवर गेली आणि तो आनंद जागीच विरला. गावात दुसऱ्या कुणालाच न येणाऱ्या वासापायी त्यांनी या बाईला आठ दिवस चांगलं दूध कुत्र्यांपुढे ओतायला लावलं होतं.

“साळूबाई, तुमच्या दुधात खोट न्हाई. तो वास आमच्याच घरच्या नाकांना येतो. ओता.”

साळूबाईंनी किटली मापात रिकामी केली. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता.

“ओतलं, नोहाभाऊ. पन गाय इकली म्या. दुपारी टेम्पो यायचाय तिला न्यायला.”