थर्मासची सीट

माझ्या सबंध आयुष्यात मी असा एकच माणूस पाहिला, जो काचेच्या बोटभर बाटलीला आमदारापेक्षा जास्त मान देत होता आणि त्याच्या त्या वेडापायी माणसं जगत होती. मी चौथी शिकलेला, धानाच्या चिखलात हाडं मऊ केलेला माणूस. मोठ्या लोकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला या एकावर लिहायचं आहे, कारण माझी बायको जी वर्षं जास्तीची जगली, ती सगळी त्याच्या जीपमध्ये बसून आमच्या घरी आली.

तो ब्रह्मपुरीचा. ब्रह्मपुरी ते कुरखेडा काळीपिवळी जीप चालवायचा आणि सगळा रस्ता त्याला भाई म्हणायचा. दाढी मेंदीनं लाल, आवाज असा की भोंगा बिघडला तरी गाडी अडायची नाही. जीपमध्ये माणसं किती बसतील याला त्याच्याकडं कधीच मर्यादा नव्हती. मागं एकमेकांच्या मांडीवर बसलेले दहा-बारा, टपावर मोहाची पोती आणि पाय बांधलेल्या कोंबड्या, पायदानावर दोघं लटकलेले. पण ड्रायव्हरच्या शेजारची सीट मोकळी. तिथं ओल्या गमछ्यात गुंडाळलेला लाल थर्मास नवरदेवासारखा एकटा बसलेला असायचा. एकदा वडशाला एक साहेब चढले, इस्त्रीचे कपडे, हातात बॅग. ते सरळ पुढं बसायला गेले. भाई म्हणाला, "साहेब, मांगं." साहेब म्हणाले, "ही सीट रिकामी आहे." "रिकामी नाई, सवारी हाय." "हा तर थर्मास आहे!" भाई शांतपणे म्हणाला, "तुमाले ऊन लागलं त घाम येईन. त्याले ऊन लागलं त एक बाई मरन. आता सांगा, पुढं कोन बसन?" साहेब मागं गेले. टपावरच्या कोंबड्यांची पिसं त्यांच्या इस्त्रीवर पडत होती. पण उतरताना त्यांनी खिडकीतून थर्मासकडं एकदा वाकून पाहिलं, देवळात पाहतात तसं.

ती बाई म्हणजे माझी बायको. तिला साखरेचा आजार निघाला, गोळ्यांनी भागेना, तेव्हा ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई. बाटली थंड पाहिजे, पण गोठायला नको. ऊन नको. जोरात हलवायची नाही. एवढे नखरे आमच्याकडं लग्नातला जावईसुद्धा करत नाही. घरी फ्रीज नाही, लाइन आली तर आली. मी रडकुंडीला आलो. आम्ही भाईच्याच जीपनं आलो होतो. तो 'निंगाचं का नाई?' विचारायला आत आला होता, तो तिथंच खिळला. डॉक्टर समजावत होते की हे पेप्टाइड आहे, शरीरात आपोआप तयार होतं, हिच्या शरीरात होत नाही म्हणून बाहेरून द्यायचं. आपण काय विचारणार? भाईनं विचारलं. एक विचारलं, दोन विचारलं, बाहेर सवाऱ्या बोंबलत होत्या आणि हा स्टुलावर बसून विचारतोच आहे. परतीच्या रस्त्यानं सबंध जीपला त्यानं ते शिकवलं. "मन्यांची माळ हाय माळ! बारीक, डोयाले नाई दिसत. ऊन लागलं का दोरा तुटते. मंग मनी कितीबी राहू दे, माळ नाई राह्यत." मग मला म्हणाला, "भाऊ, मी डाक्टर नाई, गाडीवान हाय. किती टोचाचं ते डाक्टर सांगन. थंडी मी सांभाळन."

आणि सांभाळली. दुसऱ्याच खेपेला दोन मडकी घेऊन आला. मोठ्यात ओली रेती, रेतीत लहान मडकं, लहान्यात बाटली, वर ओलं फडकं. रेती रोज सकाळी भिजवायची, आणि ते काम माझं, असं त्यानंच ठरवलं. बायकोला म्हणाला, "बाई, बाटली हालवाची नाई. तुमी दिव्याच्या वाती वयता ना? तशी तयहातात फिरवाची, हळू." तिनं आयुष्यभर वाती वळल्या होत्या. तिचे हात बघून तो म्हणाला, "डाक्टरलेबी असं नाई जमत." बायको दिवसभर खूश.

बायकोच्या अंगावर मांस भरलं तसं गाव बघायला लागलं. आमच्या पाटलाला तापानंतर अशक्तपणा होता. त्यानं जीप अडवली. "भाई, मलेबी आन ते ताकतीची सुई." भाईनं गाडी बंद केली. "पाटील, ज्याची माळ तुटली त्यालेच माळ देतेत. तुमची चांगली हाय. वरून आनखी घातली त फास होईन. अंडे खा, झोपा, डाक्टरले इचारा." पाटील रागावला, पण अंडी खाल्ली.

मीही एकदा हुशारी केली. ईदच्या दिवशी भाईची गाडी बंद, म्हणून स्वतः जाऊन दोन बाटल्या आणल्या. वाटेत वडशाच्या मासळीबाजारात ढिवराकडून बर्फ घेतला आणि बाटल्या मासळीसारख्या बर्फात पुरल्या. जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, असं माझं डोकं. दुसऱ्या दिवशी भाई शेवयांचा डबा घेऊन आला. त्यानं बाटली उन्हाकडं धरून पाहिली. आत फाटलेल्या दुधासारखे कण. म्हणाला, "मेल्या." मी घाबरून विचारलं, "कोन?" "दोघीबी. मारून टाकल्या तुमी." कोणी चुकून टोचून घेऊ नये म्हणून त्यानं परसात खड्डा खणून त्या पुरल्या, वर दगड ठेवला, डबा माझ्या हातात दिला आणि रिकामी जीप घेऊन परत ब्रह्मपुरीला गेला. संध्याकाळच्या सुईच्या आत नव्या बाटल्या घरात होत्या. शेवयांचा डबा मी त्यानंतरच उघडला.

सगळे नियम आम्ही पाळले. 'सुई टोचली का अर्ध्या तासात ताट' हाही नियम बायकोला पाठ होता. पण आमच्या घरात नवऱ्याच्या आधी बाई जेवत नाही, हे डॉक्टरांनी विचारलं नाही, भाईच्या ध्यानात आलं नाही आणि मला तर ते सांगण्यासारखंच वाटलं नाही. धान रोवण्याचे दिवस होते. तिनं वेळेवर सुई घेतली आणि ताट झाकून माझी वाट बघत बसली. इकडं धानाच्या बांधीचा मातीचा धुरा फुटला, पाणी वाहून चाललं. मी चिखल लिंपत राहिलो, दुपार झाली.

भाईची जीप आमच्या दारावरून जायची तेव्हा तो दोनदा भोंगा वाजवायचा आणि बायको ओट्यावरून हात करायची. त्या दिवशी ती ओट्यावर होती, पण हात केला नाही. घामानं लुगडं भिजलेलं, आणि मेलेल्या आईशी बोलत होती. भाईनं गाडी तशीच रस्त्यात सोडली. साखरेचा डबा तो गाडीत ठेवायचाच, सुईनंतर जेवण चुकलं तर साखर फार उतरते असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून. साखर पाण्यात घोळून घोटघोट पाजली. हळूहळू ती शुद्धीवर आली. साखर तिनं औषध म्हणून घेतली. भात मात्र खाईना. "ते येऊ द्या," म्हणाली.

मग भाई माझ्याकडं आला. चपलांसकट बांधीत उतरला, लावलेली रोपं तुडवत. "भाऊ, जेवले काय?"

"नाई, आता जातोच..."

"तुमी नाई जेवले म्हनून तिकडं बाई मरून राह्यली!"

रोवणाऱ्या बाया वाकल्या होत्या तशाच थांबल्या. मी पळालो. घरी जाऊन चिखलाच्या हातानंच ताटापुढं बसलो, हात धुवायचंही सुचलं नाही, आणि एक घास खाल्ला. तेव्हा तिनं घास घेतला. परक्या बाईला जेवताना बघू नये म्हणून भाई दारात पाठ करून उभा होता आणि तिथूनच ओरडत होता, "चावल्याचा आवाज येऊन नाई राह्यला!" ती हसली. बाहेर जीपमधले सगळे हसले. मला रडू आलं, ते मी तिखटावर ढकललं.

तेव्हापासून त्याचा भोंगा म्हणजे माझं बोलावणं. रस्त्यावर दोनदा वाजला की मी नांगर सोडायचो. सोबतचे चिडवायचे, "निंगा घरी, तुमचा भोंगा वाजला." पण मी निघायचो. तीस वर्षांच्या संसारात मी तिला जेवताना पाहिलंच नव्हतं. भांड्याच्या बुडाला लागलेला खरपूस भात ती उरतो म्हणून खाते, असं मी समजत होतो. तिला तो आवडायचा. आधी काढून ताटाच्या कडेला ठेवायची आणि शेवटी खायची. हे मला एका जीपवाल्यामुळं कळलं.

मग ती गेली. सुईनं नाही, साखरेनं नाही. थंडीत छातीत कफ झाला आणि चार दिवसांत गेली. तेरा दिवस जीप आमच्या दारावरून भोंगा न वाजवता गेली. चौदाव्या दिवशी भाई घरात आला. कोपऱ्यातलं मडकं उघडून त्यानं रेतीला हात लावला.

"कोन भिजवून राह्यलं?"

"मी."

"काऊन?"

मी आतल्या लहान मडक्याकडं बोट केलं. आत एक न फोडलेली बाटली होती. ती त्यानं तळहातात वात वळल्यासारखी फिरवली, उन्हाकडं धरली. "जित्ती हाय," म्हणाला. "डाक्टरले दाखवतो. त्यानं हो म्हटलं त कोनाच्या तरी कामी येईन." बाटली थर्मासमध्ये गेली. मी जीपपर्यंत पोचवायला गेलो. मागं नेहमीसारखी माणसांवर माणसं. भाईनं थर्मास सीटवर ठेवला नाही, माझ्या हातात दिला. म्हणाला, "बसा."

"कुठी?"

"हे का सीट. माह्या घरी जेवाले चाला. तोंड पाह्यलं काय आपलं?"

 मी त्या सीटवर बसलो, थर्मास मांडीवर घेऊन. वैनगंगेच्या पुलावर आलो तेव्हा त्यानं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "थंड हाय ना?" मी गमछ्यावर हात ठेवला. म्हटलं, "हाय."

पुढं रस्त्यावर कोणी नव्हतं, तरी त्यानं दोनदा भोंगा वाजवला. तेव्हा मला कळलं की मला भूक लागली आहे.