पाठीवर लावलेला कागद

पुण्याला निघाले तेव्हा बाबा मला सोडायला छत्तीसगडातल्या दुर्ग स्टेशनवर आले होते. गाडी थांबली, लोक दारांकडे धावले आणि बाबा मात्र फलाटाच्या कडेला उकिडवे बसले. खाली चाकाकडे पाहिलं, मान आणखी वाकवून दोनदा वास घेतला. बाबा भिलाईजवळ चरोद्याच्या रेल्वे यार्डात मालगाड्यांचे डबे तपासतात. ब्रेक चिकटला की चाक तापतं, जळका वास येतो, तो त्यांच्या नाकाला आधी कळतो. उठून हात झटकत म्हणाले, "जळका वास नाई. बस आता, बेटा."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला निरोप द्यायला त्यांच्याकडे जे होतं ते त्यांनी दिलं. हे मला तेव्हाही कळत होतं. मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलेलं नाही.

होस्टेलच्या पहिल्या आठवड्यात मी तोंड उघडलं की मुली एकमेकींकडे बघायच्या. आमची मराठी घरात बोलायची, बाहेर हिंदी. भिलाईत कुणाला त्याचं काही वाटत नाही. इथे वाटायचं. मग एका संध्याकाळी मीच पलंगापाशी उकिडवी बसले, पलंगाच्या पायाचा वास घेतला आणि बाबांच्या आवाजात म्हटलं, "जळका वास नाई. बस आता, बेटा." माझी रूममेट ईशा हसून हसून गादीवर आडवी झाली. "अगं परत, परत कर ना!" मी परत केलं. शेजारच्या रूममध्ये जाऊनही केलं. दुसऱ्या दिवसापासून मेसमध्ये माझ्यासाठी खुर्ची धरलेली असायची.

नंतर बाबांचा फोन आला की मी स्पीकर लावायला लागले. बाबा विचारायचे, "जेवली का? भाजी कायची होती?" आणि मुली उशीत तोंड खुपसायच्या. एकदा हसू बाहेर आलंच. बाबा म्हणाले, "पोरी हासून राहिल्या का? बरं झालं. मले वाटे तू तिकडे एकटीच पडशीन." त्या दिवसानंतर तेच म्हणायचे, "आहेत का मैत्रिणी? टाक स्पीकरवर." आणि यार्डातली एखादी गंमत रंगवून सांगायचे. आपण या मुलींना आवडतो, असं बाबांना वाटत होतं.

दिवाळीच्या सुटीआधी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा तास झाला. मॅडमनी आधी स्वतःबद्दल तीन शब्द लिहायला सांगितले. मी लिहिलं: शांत, प्रामाणिक, लाजाळू. खोटं लिहिलं नव्हतं. आमच्या बुद्धविहारात वाचन करताना माझा आवाज इतका हळू निघायचा की मागच्या बाया ओरडायच्या, "जोरानं वाच ना वं!" मग प्रत्येकीच्या पाठीवर कोरा कागद लावला आणि मैत्रिणींनी त्यावर तिच्याबद्दल लिहायचं होतं. माझा कागद काढून वाचला. "फुल कॉमेडी." "काकांची मिमिक्री, बेस्ट!" "हिच्यामुळे टाइमपास होतो." आणि ईशाच्या गोल अक्षरात, "हिला कशाचंच वाईट वाटत नाही."

आधी ईशाचा राग आला. पण तिनं पाहिलं तेच लिहिलं होतं. बाथरूममध्ये जाऊन मी बराच वेळ तोंड धूत राहिले. स्वतःच्या तोंडाची किळस येते म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. त्या तोंडातून मी बापाचा आवाज काढला होता, एका खुर्चीसाठी.

सुटीत घरी गेले. आई सांगत होती, "तुह्या मैत्रिणीसाठी गोष्टी आठवून ठेवते तुहा बाप. डुटीवरून आला की मलेच आंधी आयकवते." बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उत्सुकतेनं विचारलं, "सर्वात जास्त कायले हासे वं त्या?"

मला थाप मारता आली असती. नाही मारली. पलंग, वास घेणं, उशीत खुपसलेली तोंडं, सगळं सांगितलं. आई मधेच उठून आत गेली. बाबांनी ऐकून घेतलं, ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "तू बी हासे का?"

मी म्हटलं, "मीच सुरुवात केली, बाबा."

त्यांनी कप विसळून पालथा घातला आणि ड्युटीवर गेले.

परतताना मला सोडायला आले. गाडी लागली. मला वाटलं, आता वाकणार नाहीत. वाकले. पण वाकायच्या आधी त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग घाईनं एकदाच वास घेऊन उठले. "बस," म्हणाले. तेवढंच.

आता ईशा म्हणते, तू बोअर झालीस. मेसमध्ये मी जिथे जागा मिळेल तिथे बसते. फोन आला की जिन्यात जाते. बाबा जेवणाचं विचारतात, गंमत सांगत नाहीत. पाठीवरचा तो कागद मी फाडलेला नाही. तीन शब्दांचा माझा कागद फाडला.

चरोद्यातून, भिलाईतून माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, घर आठवतं का? आधी क्वार्टर आठवायचं, यार्डातली शिट्टी आठवायची. आता घर म्हटलं की दुर्गचा फलाट दिसतो, आणि वाकायच्या आधी आजूबाजूला बघणारा माझा बाप. आयुष्यभर तो कुणाकडे न बघता वाकत आला होता. बघायला मी शिकवलं.